आकड्यांच्या क्रमाची उपेक्षा

छत्रपती संभाजीनगरच्या अनेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेले असते त्यावर दोन प्रकारच्या खुणा हमखास आढळतात. एक दुधाची, दुसरी नळाच्या पाण्याची. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. आले की घरातली बाई त्या तारखेभोवती पेनने गोल करते. महिनाअखेर ती हे गोल मोजत बसत नाही. ती पाहते दोन गोलांमधली अंतरे, आणि तीही एकापाठोपाठ एक. "मागच्या दोन खेपांना उशीर झाला, आता लवकर येईल," असे ती म्हणते. सासूबाईंचे मत नेमके उलटे असते. "एकदा उशीर लागला की लागतच जातो."

या दोघींचा वाद संख्याशास्त्रातला आहे. आकड्यांच्या मालिकेत मागचा आकडा पुढच्याविषयी काही सांगतो का, की प्रत्येक आकडा मागचे सारे विसरून स्वतंत्रपणे पडतो? आपल्या शाळांत नववी-दहावीपर्यंत सांख्यिकी शिकलेला मुलगा या दोघींपैकी कोणालाही मदत करू शकत नाही. त्याला मध्य, मध्यक, बहुलक काढता येतात, आयतालेख काढता येतो. पण हा प्रश्न त्याच्या प्रकरणात बसतच नाही, कारण त्या प्रकरणातली पहिली सूचना असते : दिलेली सामग्री चढत्या क्रमाने लावा.

माझी तक्रार या सूचनेविरुद्ध आहे. मध्यक काढायचा तर सामग्री चढत्या क्रमाने लावावी लागते, हे खरे. वारंवारता सारणी करताना ताळ्याच्या खुणा माराव्या लागतात आणि कोणती खूण आधी मारली हे कोणी विचारत नाही, हेही खरे. पण एकदा सामग्री अशी लावली की ती कोणत्या क्रमाने घडली ही माहिती पुसली जाते. ती पुसली गेली असे शिक्षकही सांगत नाहीत आणि पुस्तकही सांगत नाही. पन्नास विद्यार्थ्यांच्या गुणांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. हजेरीपटातला क्रम आडनावाप्रमाणे असतो, त्यात अर्थ नाही. पाऊस, तापमान, बाजारभाव, नळाचे पाणी, धरणाचा साठा यांच्या बाबतीत मात्र क्रम पुसणे म्हणजे सामग्रीचा अर्धा भाग फेकून देणे आहे.

हवेत बोलण्यापेक्षा प्रत्यक्ष आकडे घेऊ. भारतीय हवामान विभाग दर वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा देशाचा एकूण पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के झाला ते जाहीर करतो. २००१ पासून २०२५ पर्यंतचे आकडे पूर्णांकात असे आहेत : २००१ – ९२, २००२ – ८१, २००३ – १०२, २००४ – ८६, २००५ – ९९, २००६ – १००, २००७ – १०६, २००८ – ९८, २००९ – ७८, २०१० – १०२, २०११ – १०२, २०१२ – ९३, २०१३ – १०६, २०१४ – ८८, २०१५ – ८६, २०१६ – ९७, २०१७ – ९५, २०१८ – ९१, २०१९ – ११०, २०२० – १०९, २०२१ – ९९, २०२२ – १०६, २०२३ – ९४, २०२४ – १०८, २०२५ – १०८. निरनिराळ्या तक्त्यांत एखाद्या आकड्यात एका टक्क्याचा फरक आढळेल. सरासरी ज्या वर्षांवरून काढतात ती वर्षे मधूनमधून बदलतात. एके काळी ८९ सेंटिमीटर असलेली सरासरी पुढे ८८ आणि मग ८७ झाली. मोजपट्टीच सरकते आहे, हे ध्यानात असू द्यावे.

या पंचवीस आकड्यांचा मध्य सुमारे ९७ येतो. आता ते चढत्या क्रमाने लावा : ७८, ८१, ८६, ८६, ८८ असे करत शेवटी १०९, ११०. पाऊस वर्षागणिक वाढतच गेला असा हा देखावा झाला. मध्य तोच, मध्यक तोच, आयतालेख तोच. परीक्षेत दोन्ही मालिकांना सारखेच गुण मिळतील. पण एका मालिकेवर शेतकऱ्याने पंचवीस वर्षे शेती केली आहे आणि दुसरी कधी घडलेलीच नाही. या दोन मालिकांतला फरक ज्या शास्त्राला सांगता येत नाही त्याला सांख्यिकी म्हणायचे, तर मग ती अर्धीच सांख्यिकी.

फरक सांगणारी एक सोपी रीत आहे. तिला भागाकार, वर्गमूळ आणि थोडा धीर एवढेच लागते. शंभरपेक्षा जास्त पावसाच्या वर्षाला अधिक (+) आणि कमी पावसाच्या वर्षाला उणे (−) असे चिन्ह द्या. २००६ चा आकडा नेमका १००, म्हणजे काठावरचा. तो तूर्त बाजूला ठेवू. राहिलेली २४ वर्षे क्रमाने लिहिली की अशी ओळ मिळते :

− − + − − + − − + + − + − − − − − + + − + − + +

एकाच चिन्हाचा सलग तुकडा म्हणजे एक गट. संख्याशास्त्रात याला 'रन' म्हणतात. क्रिकेटच्या धावांशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून आपण सलग गट असेच म्हणू. पहिली दोन उणे हा एक गट, नंतरचे एकटे अधिक हा दुसरा, असे मोजत गेल्यास या ओळीत १४ सलग गट मिळतात. अधिक चिन्हे १० आणि उणे चिन्हे १४.

आता प्रश्न असा की ही १० अधिक आणि १४ उणे चिन्हे एका पिशवीत घालून, नीट हलवून, एकेक काढून मांडली असती तर सरासरीने किती गट पडले असते? अधिक चिन्हांची संख्या अ आणि उणे चिन्हांची ब मानली तर उत्तर आहे (२ × अ × ब) ÷ (अ + ब) + १. येथे २ × १० × १४ म्हणजे २८०; त्याला २४ ने भागून एक मिळवला की १२.६७. प्रत्यक्ष गट १४. फरक सव्वा-दीड गटाचा. हा फरक मोठा की किरकोळ हे ठरवायला प्रमाण विचलन लागते. त्यासाठी २८० ला (२८० − २४) ने गुणायचे, (२४ × २४ × २३) ने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. उत्तर २.३३. म्हणजे आपली मालिका अपेक्षेपासून प्रमाण विचलनाच्या जेमतेम अर्ध्या पटीने दूर आहे. दोन पटीहून दूर गेली असती तर संशय घेण्यास जागा होती. येथे नाही.

तीच मालिका चढत्या क्रमाने लावा. आधी चौदा उणे, मग दहा अधिक. गट फक्त दोन. अपेक्षेपासून साडेचार प्रमाण विचलनांहून दूर! मध्य, मध्यक आणि बहुलक या तिघांना जो फरक दिसला नाही तो एका साध्या मोजणीने उघडा पडला.

आणि २००६ चे काय? त्याला अधिकात घाला किंवा उण्यात घाला, गट चौदाच राहतात आणि अपेक्षित संख्या १३ च्या आगेमागे येते. निष्कर्ष हलत नाही. ही पडताळणी मुलांकडून जरूर करून घ्यावी. काठावरचा आकडा गुपचूप सोयीच्या बाजूला ढकलण्याची सवय विज्ञानात फार लवकर लागते.

ही चाचणी अब्राहम वाल्ड आणि जेकब वुल्फोविट्झ या दोघांच्या नावाने ओळखली जाते. १९४० साली त्यांनी ती मांडली. वाल्ड १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत गेलेला गणिती. १९५० च्या डिसेंबरात तो भारतात व्याख्यानांसाठी आला असता निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मरण पावला, ही गोष्ट आपल्याकडे फारशा कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या मूळ निबंधात या चाचणीचा उपयोग वेगळाच होता, तो आमच्या वादात गंमत आणणारा आहे. दोन नमुने एकाच समूहातले आहेत का हे पाहण्यासाठी त्यांनी दोन्ही नमुन्यांतले आकडे एकत्र करून चक्क चढत्या क्रमाने लावले! मात्र प्रत्येक आकडा कोणत्या नमुन्यातला हे चिन्ह त्यांनी त्याला चिकटवलेले ठेवले आणि मग त्या चिन्हांचे गट मोजले. तेव्हा चढता क्रम हा गुन्हा नव्हे. आकड्याच्या अंगावरची खूण काढून टाकणे हा गुन्हा.

येथपर्यंत चाचणीची बाजू झाली. आता तिने कोणता गैरसमज दूर होतो ते पाहू. वरच्या ओळीत २०१४ ते २०१८ अशी सलग पाच उणे चिन्हे आहेत. मराठवाड्यातल्या माणसाचे लक्ष तेथेच जाते, आणि का जाऊ नये? २०१२ मध्ये देशाचा पाऊस ९३ टक्के होता, पण मराठवाड्यात दुष्काळ होता. २०१३ ने थोडी उसंत दिली. मग २०१४ गेले आणि २०१५ ही गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. अशा वेळी "पावसाचे चक्रच फिरले" असे कोणी म्हटले तर त्याला हसणे सोपे नाही.

पण नाणे घेऊन २४ वेळा उडवून पाहा. एकाच बाजूचे सलग पाच किंवा अधिक दान पडण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त. नाण्याला काही चक्र नाही, तरी सलग पाच पडतात. हे मुलांना सांगून पटत नाही, करून पटते. वर्गाचे दोन भाग करा. एका भागातील प्रत्येकाने खरोखर नाणे उडवून २४ दाने लिहावीत. दुसऱ्या भागातील प्रत्येकाने नाणे न उडवता, उडवल्यासारखी वाटतील अशी २४ दाने मनाने लिहावीत. शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबावे. कागद गोळा झाल्यावर सलग गट मोजा. मनाने लिहिलेल्या कागदांवर गट बहुधा जास्त निघतात, कारण छाप तीनदा आला की लिहिणाऱ्याला भीती वाटते आणि तो काटा लिहितो. सलग पाच छाप लिहिण्याचे धाडस फार थोडी मुले करतात. नाणे मात्र बिनदिक्कत करते. खोटेपणा गट कमी असल्यानेच नव्हे तर जास्त असल्यानेही उघडा पडतो, ही या चाचणीची दुसरी धार.

दुसरी एक गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. ती पाच वर्षांची सलग ओळ मुळात आहे की नाही हे आपण रेघ कोठे मारली त्यावर अवलंबून आहे. हवामान विभाग ९६ ते १०४ टक्के पावसाला सामान्य म्हणतो. तेव्हा १०० ऐवजी ९६ वर रेघ मारा. २०१६ चे ९७ आणि २०२१ चे ९९ हे लगेच अधिकात जातात. पाच वर्षांची ओळ फुटून दोन, एक, दोन अशी होते आणि तिचा सारा दरारा संपतो. गटांची एकूण संख्या या रेघेलाही १४ च येते, अपेक्षित १३. चाचणीचा निकाल बदलला नाही. डोळ्याला दिसणारी ओळ मात्र नाहीशी झाली. डोळ्यावर विसंबून "सलग पाच वर्षे" असे लिहिणाऱ्यांनी आधी कोणत्या रेघेखाली पाच वर्षे, हे सांगितले पाहिजे.

तर मग पाऊस यादृच्छिक आहे असे सिद्ध झाले का? नाही. येथे माझी दुसरी तक्रार सुरू होते, आणि ती शाळेविरुद्ध नसून महाविद्यालयाविरुद्ध आहे. तेथे ही चाचणी शिकवतात. विद्यार्थी सूत्रात आकडे घालतो, तक्त्यात पाहतो आणि शेवटी लिहितो : "म्हणून सामग्री यादृच्छिक आहे." या वाक्याला पूर्ण गुण मिळतात. वास्तविक ते चूक आहे. पुढची ओळ पाहा :

+ + − − + + − − + + − − + + − − + + − − + + − −

बारा अधिक, बारा उणे. गट १२, अपेक्षित १३. फरक अर्ध्या प्रमाण विचलनापेक्षाही कमी. चाचणी या मालिकेला बिनतक्रार सोडून देते. आणि ही मालिका तर घड्याळासारखी आहे; दुसरीतले मूलही पुढचे चिन्ह सांगेल! चाचणी फक्त गट किती हे मोजते, ते कसे पडले हे पाहत नाही. तिने संशय घेतला नाही याचा अर्थ तिला दिसू शकेल असा दोष सापडला नाही, एवढाच. पोलिसाला पुरावा मिळाला नाही म्हणून आरोपी सज्जन ठरत नाही.

शिवाय ती चिन्हे मोजते, पाऊस नाही. २००५ चे ९९ आणि २००९ चे ७८ तिच्या दृष्टीने सारखेच उणे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांत एका पिकाचे अंतर आहे. अधिक चिन्ह म्हणजे चांगले वर्ष असेही नाही. २०२५ चे चिन्ह अधिक आहे, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. देशाच्या एका आकड्यात छत्तीस हवामान उपविभाग दडलेले असतात आणि मराठवाडा त्यांतला एक आहे.

आणि चोवीस वर्षे ही फार तोकडी मालिका आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०६ पर्जन्यमापक ठिकाणांच्या नोंदींवरून देशाच्या मोसमी पावसाची १८७१ पासूनची मालिका तयार केली. भारतातल्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही ही मालिका ओलांडून जाता येत नाही, इतके ते मोलाचे काम आहे. १८७१ ते १९७८ या काळाबद्दल १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा एक निष्कर्ष असा की एका वर्षाच्या पावसाचा प्रभाव पुढच्या वर्षावर रेंगाळताना दिसत नाही. वर्षावर्षाच्या पातळीवर मालिका नाण्यासारखी वागते. परंतु त्याच मालिकेकडे तीस-तीस वर्षांच्या चष्म्यातून पाहिले की दुसरेच काही दिसते. विसाव्या शतकाची पहिली सुमारे तीन दशके दुष्काळांनी भरलेली, त्यानंतरची तीन दशके बरी, आणि साठीनंतर पुन्हा तुटीची वर्षे जास्त. ही लांब लाट आमच्या चोवीस चिन्हांच्या ओळीत मावणारच नाही. मग आमचा निकाल चुकला का? चुकला नाही, त्याने जेवढे पाहिले तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. जितके विचारावे तितकेच उत्तर मिळते.

याच्या उलट टोकाची चूक शंभर-दीडशे वर्षे जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळत असताना, १८७७ मध्ये नॉर्मन लॉकयर हा ज्योतिर्विद आणि विल्यम हंटर हा सनदी अधिकारी या दोघांनी सूर्यावरील डाग आणि दुष्काळ यांचा संबंध जोडणारा लेख प्रसिद्ध केला. मद्रासचा पाऊस सूर्यडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर कमीजास्त होतो असे त्यांना दिसले. हे खरे निघाले असते तर दुष्काळाची तारीख आधीच सांगता आली असती. सरकारला, आणि उपाशी माणसांनाही, याहून हवेसे उत्तर कोणते? पण पुढच्या वर्षांच्या पावसाने ते चक्र पाळले नाही.

१९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान विभागाचा प्रमुख असलेला गिल्बर्ट वॉकर हा मूळचा गणिती. त्याने जगभरच्या ठिकाणांचे हवेचे दाब, तापमाने आणि पाऊस यांचे संबंध शेकड्याने तपासले. ते करत असतानाच, १९१४ मध्ये, त्याने एक छोटे टिपण लिहिले, आणि माझ्या मते ते प्रत्येक विज्ञान शिक्षकाने समजून घ्यावे असे आहे. त्याचा मुद्दा सरळ आहे. एखादा योगायोग वीसात एकदा घडणारा असेल आणि तुम्ही वीस संबंध तपासलेत, तर त्यांतला एक केवळ नशिबाने ठळक दिसणारच. मग तो एकच छापायचा आणि बाकीच्या एकोणिसांबद्दल गप्प बसायचे, हा अप्रामाणिकपणा आहे, जाणूनबुजून केलेला नसला तरी. आपल्या वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाने आपल्या गावच्या पावसावर ही चाचणी केली, तर सर्व पाऊस यादृच्छिक असूनही सुमारे दोघांना 'दोष' सापडेल. त्या दोन गावांची नावे फलकावर लिहून बाकी अडतीस पुसून टाकली की वृत्तपत्रात बातमी तयार!

वॉकरच्या त्या शोधातूनच पुढे प्रशांत महासागराच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबांतील झोक्याची ओळख झाली आणि एल निनोचा धागा त्याला जुळला. २००२, २००९, २०१५, २०२३ ही तुटीची वर्षे एल निनोची होती. म्हणून यादृच्छिक या शब्दाविषयी एक खुलासा करणे भाग आहे. यादृच्छिक म्हणजे निष्कारण नव्हे. नाण्याच्या प्रत्येक दानालाही कारण असते, ते म्हणजे अंगठ्याचा जोर आणि हवा. आपण एवढेच म्हणतो आहोत की फक्त मागची दाने पाहून पुढचे सांगता येत नाही. पाऊस कसा पडेल हे सांगायचे तर समुद्राकडे पाहावे लागेल. गेल्या वर्षीच्या पावसाकडे पाहून भागणार नाही.

हा फरक कर्जाच्या वेळी कामास येतो. २०१४ चा हंगाम बुडाल्यावर "आता पुढचे वर्ष चांगलेच जाणार, पाऊस तरी किती दिवस रुसेल" या भरवशावर उसनवारीने बी-बियाणे घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या बोलण्यात आशा होती आणि आशेवर टीका करण्याचा मला अधिकार नाही. पण त्यात एक हिशेबही होता आणि तो चुकीचा होता. वाईट वर्षानंतर चांगल्या वर्षाची शक्यता वाढत नाही. ती असते तेवढीच राहते. आकाश उधारी चुकती करत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग मराठवाड्यात काहीच मागचे पुढच्यावर अवलंबून नाही का? आहे ना. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला, गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते वापरात आले. त्याचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर आहे. एवढा मोठा साठा एका वर्षात संपत नाही. मागच्या वर्षी उरलेले पाणी पुढच्या वर्षाच्या आकड्यात येते. त्यातच वरच्या अंगाला, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत, आणखी धरणे आहेत. ती भरल्याशिवाय खाली फारसे येत नाही, आणि ती किती भरायची हे आता नुसता पाऊस ठरवत नाही, माणसेही ठरवतात. आकाशाला आठवण नसली तरी धरणाला असते. जायकवाडीच्या दर आठवड्याच्या साठ्याला मध्यकाच्या वरचा की खालचा अशी चिन्हे द्या. महिनेच्या महिने एकच चिन्ह चालेल आणि सलग गट हाताच्या बोटांवर मोजता येतील. पावसाची मालिका आणि साठ्याची मालिका शेजारीशेजारी मांडून ही मोजणी करणे हा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला पाठ आहे. याच विषयात इजिप्तमध्ये हॅरल्ड हर्स्ट या अभियंत्याने नाईलच्या शेकडो वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि १९५१ मध्ये दाखवले की भरपूर पाण्याची वर्षे आणि टंचाईची वर्षे नाण्याच्या दानांपेक्षा जास्त गटागटाने येतात. असे असल्यास धरण किती मोठे बांधावे याचा हिशेबच बदलतो. सरासरी पाणी तेच, पण क्रम वेगळा म्हणून भिंत उंच.

पाठ्यपुस्तकात यातले काय घालता येईल? मला सूत्र घालायचा हट्ट नाही. प्रमाण विचलनाचे ते वर्गमूळ अकरावीच्या आधी नको. पण चढत्या क्रमाने लावा या सूचनेआधी एक ओळ यावी : आकडे ज्या क्रमाने मिळाले तो क्रम वेगळा लिहून ठेवा. आणि एक प्रश्न यावा : तो क्रम बदलला तर काय हरवेल? सातवीतला मुलगाही सलग गट मोजू शकतो, आणि तेच चिन्हांचे कागदी तुकडे डब्यात हलवून, पुन्हा मांडून, दहा वेळा मोजून तुलना करू शकतो. त्याला सूत्राची गरजच पडत नाही. डबाच सूत्राचे काम करतो.

मोठ्या मुलांनी आपल्या घरच्या कॅलेंडरापासून सुरुवात करावी. नळाला पाणी आल्याच्या दोन तारखांमधली अंतरे क्रमाने लिहावीत, त्यांचा मध्यक काढावा आणि लांब अंतराला अधिक, कमी अंतराला उणे द्यावे. सून म्हणते तसे उशिरानंतर लवकर येत असेल तर गट अपेक्षेपेक्षा जास्त निघतील. सासूबाईंचे खरे असेल तर कमी. येथे एक अडचण येईल, तिची आधीच कल्पना देतो. अंतरे दिवसांत मोजली की पाच, सहा, सहा, सहा, सात असे आकडे येतात आणि मध्यकाइतकी अंतरे इतकी निघतात की अधिक-उणे द्यायला फारसे काही उरतच नाही. म्हणून तारखेच्या गोलात पाणी आल्याची वेळही लिहावी आणि अंतर तासांत मोजावे. किमान चोवीस-पंचवीस अंतरे जमायला हवीत, म्हणजे सुमारे पाच महिने लागतील. उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची अंतरे एकत्र करू नयेत. उन्हाळ्यात सगळीच अंतरे लांबली तर नुसत्या ऋतूमुळे गट कमी पडतील आणि सासूबाई फुकट जिंकतील.